‘मिसेस कार्टर’ना मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : अठराव्या शतकातल्या इंग्लिश लेखिकांवर लेख लिहितेय. एलिझाबेथ कार्टर (१७१७–१८०६) यांना त्यांच्या काळचे लोक ‘मिसेस कार्टर’ म्हणतात. मी ‘सौ. कार्टर’ लिहून मोकळी झाले आणि मग कळलं की त्यांनी लग्नच केलं नव्हतं! आता ‘कु.’ लिहू की ‘श्रीमती’?

उत्तर : आधी ‘सौ.’ खोडा. ‘सौ.’ म्हटलं की नवरा हयात आहे, एवढंच कळतं. तेव्हाच्या ‘मिसेस’ला लग्नाची अट नव्हती. ‘मिस्ट्रेस’चं ते आखूड रूप. मिस्ट्रेस म्हणजे घरची मालकीण, आणि शाळेत शिकवणारीसुद्धा. मान द्यायचा असेल त्या प्रौढ स्त्रीला मिसेस म्हणत. त्याच काळातल्या लेखिका हॅना मोरही अविवाहितच, पण ‘मिसेस मोर’. ‘मिस’ आधी लहान मुलींसाठी होतं. मोठ्या अविवाहित मुलींना ते नंतर चिकटलं.

‘कु.’ तर अजिबात नको. कार्टर म्हणजे इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या डील या बंदरगावच्या पाद्र्याची मुलगी. वडिलांनी लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकवलं. पहाटे अभ्यासाला जाग यावी म्हणून कार्टरनी स्वतःच्या उशाशी घंटा बांधली होती. तिची दोरी खिडकीतून खाली बागेत सोडलेली. चर्चचा सेवक चार-पाचच्या सुमाराला येऊन ती ओढायचा. रात्री झोप येऊ नये म्हणून तपकीर, हिरवा चहा आणि डोक्याला ओलं फडकं. प्राचीन तत्त्वज्ञ एपिक्टीटसचा ग्रीकमधून केलेला त्यांचा अनुवाद १७५८ साली वर्गणीदारांच्या बळावर निघाला आणि जवळजवळ १००० पौंड मिळाले. पुढे डीलला स्वतःचं घर घेतलं, वडील त्यांच्यासोबत त्या घरात राहिले. मालकीण म्हणायला अजून काय हवं?

माझं मत ‘कार्टरबाई’ला. शाळेत आपण आडनावाला बाई जोडूनच हाक मारायचो, त्यांचं लग्न झालंय का हे कुणाच्या डोक्यातही यायचं नाही. मुक्ताबाईंचं तरी कुठे लग्न झालं होतं? अहिल्याबाई, गोपिकाबाई तर कार्टरबाईंच्याच शतकातल्या.

दुसरं उत्तर : पटतंय, पण आज नुसतं ‘बाई’ म्हटलं की पुष्कळांना धुण्याभांड्याची बाई आठवते. ‘श्रीमती’ बरं नाही का?

उत्तर : ‘श्रीमती’ कागदोपत्री सगळ्यांना चालतं, पण अजूनही कितीतरी जण त्याचा अर्थ विधवा असाच घेतात. म्हणजे नवऱ्याची चौकशी पुन्हा आलीच. आणि तुम्ही म्हणता ते ‘मिसेस’लाही लागू आहे. मोठ्या घरातल्या स्वयंपाकिणीलाही मिसेसच म्हणत. विदुषीपासून स्वयंपाकघरापर्यंत चालणारा असा शब्द आपल्याकडे ‘बाई’च आहे, आणि तो कामाच्या बाईंनाही वापरतात म्हणून हलका झाला, हे मला मान्य नाही.

प्रश्न विचारणारी : ‘कार्टरबाई’ ठरलं. मग ‘एलिझाबेथबाई’ लिहिलं तर? जास्त जवळचं वाटतं.

उत्तर : घोटाळा होईल. लंडनमध्ये हिल स्ट्रीटवरच्या घरी पाहुण्यांना अर्धवर्तुळात बसवून पत्त्यांऐवजी पुस्तकांवर गप्पा रंगवणाऱ्या मॉन्टेग्यूबाई, खुर्च्या मुद्दाम अस्ताव्यस्त मांडणाऱ्या व्हेसीबाई आणि या कार्टरबाई, तिघींचंही नाव एलिझाबेथ. बाई आडनावालाच जोडा.