अर्धवेळ बाळ सांभाळणाऱ्या मावशींशी लेखी करार करावा का?

मृण्मयी_कोथरूड

मुलगी सात महिन्यांची झाली, माझी रजा संपतेय. सकाळी आई असते, दुपारी 2 ते 6 सांभाळायला एक मावशी येणार आहेत. त्या सकाळी एका घरी पोळ्या करतात आणि दुसरीकडे एका आजींचं बघतात. मी त्यांच्याशी एका पानाचा लेखी करार करायचं ठरवलंय. बिल्डिंगमधल्या बहुतेकांचं म्हणणं, चार तासांच्या कामाला कसला करार? मला उलट वाटतं. काम अर्धवेळ आहे म्हणूनच लिहून ठेवायला हवं.

मावशी दुपारचे चार तास माझ्यासाठी राखून ठेवतात. आम्ही दिवाळीत गावाला गेलो म्हणून तेवढ्या दिवसांपुरतं दुसरं घर त्यांना मिळत नाही. तरी "काम झालं नाही, मग पगार कसला" म्हणून पैसे कापणारी घरं मी बघितली आहेत. सहाचे पावणेसात झाले तर त्या पाऊण तासाचा हिशेब कोणी ठेवत नाही. त्यांच्या खाड्याची फुली कालनिर्णयवर पडते, आपल्या उशिराची पडत नाही.

कागदावर हे लिहिलंय: सहानंतर पंधरा मिनिटं इकडेतिकडे चालेल, त्यापुढे दर अर्ध्या तासाचे वेगळे पैसे, त्याच महिन्याच्या पगारात. आम्ही बाहेरगावी गेलो तरी पगार पूर्ण. महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या, आजारपणाच्या वेगळ्या. काम फक्त बाळाचं: खिमटी, बाटल्या उकळणं, दुपटी-कपडे, झोपवणं. घरातली भांडी, केर-फरशी नाही. फोन केल्याशिवाय कुठलंही औषध द्यायचं नाही, ग्राइप वॉटरसुद्धा नाही. हॉलमध्ये कॅमेरा आहे, हेही लिहिलंय. काम सोडायचं तर त्यांनी महिनाभर आधी सांगायचं, आम्ही अचानक थांबवलं तर महिन्याचा पगार द्यायचा.

काय राहिलं? आणि ज्यांना हे मुळातच पटत नाही त्यांनी का ते जरूर सांगा.

सुलभाकाकू

मला मुळातच पटत नाही. मी बँकेत नोकरी केली, माझी दोन्ही मुलं एका बाईंनी वाढवली. आमच्यात एक ओळ लिहिलेली नव्हती. त्यांच्या मुलीची फी मी भरली, लग्नाला उचल दिली, ती मागितली नाही. माझं ऑपरेशन झालं तेव्हा त्या रात्री माझ्या घरी थांबल्या. "काम फक्त बाळाचं" असं लिहून दिलंस की त्याही तेवढंच करतील आणि तूही तेवढंच देशील. मूल सांभाळायला माया लागते, ती कलमात कशी लिहिणार?

दुसरं म्हणजे सही. अनेक बायकांना सही म्हणजे कर्ज नाहीतर पोलीस. कागद पुढे केलास तर त्या दुसऱ्या दिवशी येणारच नाहीत.

वैशाली_वारजे

काकू, तुम्ही चांगल्या वागलात यात शंका नाही. पण सगळं तुमच्या चांगुलपणावर होतं. माझी आई पंचवीसेक वर्षं घरकाम करत होती. चांगली घरंही मिळाली. त्याच घरांतून उचल घेतलेली असल्यामुळे पगार वाढवून मागायला तिची जीभ रेटायची नाही. मायेने दिलेले पैसे परत मागितले नाहीत तरी ते तिच्या डोक्यावर राहायचेच. ठरलेली वार्षिक वाढ कागदावर असती तर तिला कोणासमोर अवघडून उभं राहावं लागलं नसतं.

आणि सहीला कोण घाबरतं तेही सांगते. महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. मंडळात नोंदणी करायला ज्या घरी काम करता तिथला दाखला मागतात. आई तो दाखला घेऊन चार घरी फिरली. ओळखीची, शिकलेली माणसं, पण "उगाच कशाला अडकायचं" म्हणून कोणी सही केली नाही. शेवटी एका निवृत्त शिक्षिकेने केली. मृण्मयी, तुझ्या करारात हे घाल: नोंदणीसाठी दाखला मागितला की देणार.

याच पुण्यात 1980 साली मोलकरणींनी संप केला होता. पगार आणि सुट्ट्या हेच तेव्हाही मागणं होतं. मायेवर भागत असतं तर बायका रस्त्यावर उतरल्या नसत्या.

निनाद_वकील

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. या कागदावर लोक नको इतका भरवसा ठेवतात. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट 1963 प्रमाणे कोर्ट कोणाला जबरदस्तीने कामावर यायला लावत नाही. नोटीस न देता मावशी गेल्या तर तुम्ही चार-पाच हजारांसाठी दावा लावणार आहात का? तुम्ही पगार बुडवलात तर त्या लावतील का? दोन्हीकडून नाही.

घरकामगारांसाठी देशभर लागू होईल असा वेगळा कायदा करता येईल का हे तपासायला समिती नेमा, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2025 मध्ये केंद्राला सांगितलं. घरातल्या कामाला कायद्याचं पाठबळ किती तोकडं आहे ते यावरून कळेल. अशा स्थितीत कागद लिहितो मालक आणि वापरतोही मालकच. मधेच सोडलं तर झालेल्या कामाचा पगार जप्त, असं लिहिलेले छापील फॉर्म मी पाहिलेत. करार कायद्याच्या कलम 74 खाली दंड म्हणून मनाला येईल तो आकडा लावता येत नाही, पण मावशींना हे कोण सांगणार? त्या कागद बघून गप्प बसतात.

केतकी_एडिसन

इथे न्यू जर्सीत जुलै 2024 पासून घरकामगारांचा कायदा लागू आहे. महिन्याला पाच तासांपेक्षा जास्त काम असेल तर लेखी करार करावाच लागतो, आणि तो काम करणाऱ्या व्यक्तीला कळेल अशा भाषेत. आमच्याकडे आठवड्यात तीन दुपार येणाऱ्या ताई गुजराती, म्हणून आम्ही गुजराती प्रत करून घेतली. नात्यात काही बिघडलं नाही. उलट जेवणाच्या सुट्टीचं आधी कोणी बोलतच नव्हतं, ते या निमित्ताने ठरलं.

पराग_ठाणे

मुद्द्याचं बोलतो. बाहेरगावी गेलो तरी पूर्ण पगार, हे आठवड्यापुरतं ठीक. मे महिन्यात मुलाला घेऊन बायको महिनाभर माहेरी जाते. तेव्हाही पूर्ण? गृहकर्ज भरणाऱ्या घराला हे परवडत नाही. एवढं देऊनही शेजारच्या सोसायटीत हजार रुपये जास्त मिळाले की मावशी जातात, हे दोनदा अनुभवलंय. बांधून घ्यायचं तर दोघांनाही घ्या.

मृण्मयी_कोथरूड

पराग, आपली नोकरी आपण जास्त पगारासाठी बदलतो तेव्हा त्याला प्रगती म्हणतो. त्यांनी का बदलू नये? महिनाभर आधी सांगावं, एवढंच मी मागते. मे महिन्याचं म्हणाल तर पंधरा दिवसांपर्यंत पूर्ण आणि पुढे अर्धा पगार असं ठरवता येईल, पण ते कामाला ठेवतानाच सांगा. एप्रिलच्या शेवटी सांगितलं तर त्या माउलीने मे महिन्याचं घरभाडं कुठून आणायचं?

निनाद, कोर्टात जायला मी हे लिहीतच नाहीये. सहा महिन्यांनी "तुम्हीच म्हणाला होतात ना" यावर वाद नको म्हणून लिहितेय. दंडाचं एकही कलम ठेवलेलं नाही.

सहीबद्दल काकूंचं म्हणणं मनावर घेतलं. काल मावशींना सगळं वाचून दाखवलं, सही मागितली नाही, एक प्रत घरी नेऊन मुलाकडून परत वाचून घ्या म्हटलं. आज त्यांनी दोन गोष्टी वाढवायला सांगितल्या. पगार 5 तारखेच्या आत, कारण भिशीचा हप्ता 6 ला असतो. आणि बाळाला काही लागट झालं तर त्या निघायच्या आधी आम्ही त्यांना फोन करायचा. त्या रोज सकाळी आजींकडे जातात, त्यांना संसर्ग नको. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

वैशाली_वारजे

वार्षिक वाढ राहिलीच की. महिना आणि रक्कम, दोन्ही घाल. "बघू" लिहू नकोस.

सुलभाकाकू

आजारपणाचं पटलं, ते तोंडी असलं तरी ठरायलाच हवं. कॅमेऱ्याचं मात्र नुसतं लिहून भागत नाही गं. दुपारी बाळ झोपल्यावर त्या बाई कुठे पाठ टेकतील? हॉलमध्येच ना? तेवढा वेळ तो बंद ठेवणार का, ते आधी सांग.