मदत हवी आहे: वायफाय डायरेक्टवर दुसरा फोन दिसतच नाही

धारणीवाला: राजेहो, लवकर सांगा. लग्नाचा व्हिडिओ आहे, एकच फाइल, 6 जीबी. माह्या फोनवरून आतेभावाच्या फोनवर टाकायचा आहे. गावात नेट नाही. वायफाय डायरेक्ट उघडलं तर नुसतं 'शोधत आहे' फिरून रायलं. तो संध्याकाळच्या एसटीनं परतवाड्याले निघते. मी टेकडीवर येऊन लिहून रायलो, खाली उतरलो की रेंज गायब.

कपाशीबोंड: फोन कोणते? अँड्रॉइड कोणतं? लोकेशन चालू आहे का? अँड्रॉइड 12 पर्यंत ते बंद असलं की आजूबाजूचे फोन दिसत नाहीत.

धारणीवाला: सॅमसंग, 12च. लोकेशन चालू आहे.

सावजीरस्सा: ब्लूटूथनं टाका न भाऊ! कायले एवढा खटाटोप?

कपाशीबोंड: 6 जीबी ब्लूटूथनं? सेकंदाला 2 मेगाबिट वेग धरला तरी साडेसहा तास. एसटी केव्हाच घाट उतरली असंन.

बुढाभाऊ: शेअरइट घ्या. आम्ही पिक्चरच्या पिक्चर टाकत होतो.

कपाशीबोंड: त्यावर 2020 मध्येच बंदी आली, काका.

सावजीरस्सा: मग पेनड्राइव्ह.

कपाशीबोंड: फॅट32 या जुन्या फॉरमॅटचा असला तर 4 जीबीच्या वरची फाइल घेतच नाही. आधी विचारा तर.

वर्धामास्तर: दुसरा फोन कोणता, हे अजूनही कोणाला माहीत नाही.

धारणीवाला: आयफोन 13. त्यानं काय फरक पडते? वायफाय त्याच्यातही आहे न.

वर्धामास्तर: सगळा फरक तिथंच आहे. वायफाय डायरेक्टमध्ये दोनातला एक फोन राउटरसारखा होतो, दुसरा त्याला जोडतो. पण आयफोन अँड्रॉइडच्या त्या यादीत येतच नाही. ब्लूटूथनंही अँड्रॉइडची फाइल घेत नाही, तेव्हा वरचा वाद सोडा. टेकडीवर आहात तोवर लोकलसेंड हे नेटशिवाय फाइल पाठवायचं अ‍ॅप उतरवून घ्या, आतेभावालाही वर बोलवा, त्याच्याही फोनमध्ये लागेल. मग घरी तुमचा हॉटस्पॉट लावा, मोबाइल डेटा बंद ठेवा, आयफोन त्याला जोडा. 'इंटरनेट नाही' म्हणेल, म्हणू द्या. लोकलसेंड उघडल्यावर आयफोन 'लोकल नेटवर्क'ची परवानगी मागतो, ती द्याच. फाइल जाईपर्यंत स्क्रीन बंद करू नका.

धारणीवाला: हाव, बोलावतो त्याले.

बुढाभाऊ: माह्या प्रिंटरवरही वायफाय डायरेक्ट लिहून आहे. तो काहून नाही चालून रायला?

वर्धामास्तर: वेगळा धागा काढा. आणि मॉडेल लिहा.