एम ६७ मधला हा रूपविकारी तारा कुठल्या प्रकारचा?

गच्चीकर_खारघर:
मंडळी, फेब्रुवारीत सलग पाच रात्री एम ६७ वर कॅमेरा लावून बसलो होतो, पुष्यावरून खाली आश्लेषाकडे येताना कर्केत जो मिणमिणता तारकागुच्छ लागतो ना तोच. सहा इंची न्यूटोनियन, मोनो कॅमेरा, ६० सेकंदांच्या फ्रेम्स, रोज साडेचार-पाच तास. ॲस्ट्रोइमेजजे या तेज मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोनेकशे तारे मोजले त्यात दोन संशयित निघाले. पहिला साधारण साडेतेरा प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद), जवळजवळ ०.४ प्रतीने मस्त वरखाली होतोय आणि पिरियोडोग्राम (आवर्तनकाळ शोधणारा आलेख) म्हणतोय ४ तास १९ मिनिटं, बाजूला ३:४० आणि ५:१७ ला पण शिखरं आहेत ती कसली कळत नाही. मला आरआर लायरी वाटतोय, मित्र म्हणतो डेल्टा स्कुटी (दोन्ही फुगून-आकसून तेज बदलणाऱ्या ताऱ्यांचे प्रकार). दुसरा फ्रेमच्या कोपऱ्यातला, रोज रात्री अकरा वाजले की मंद व्हायला लागतो. नवीन असेल तर कळवायचं कुठे?

येऊरवाला:
आरआर लायरी डोक्यातून काढा. ते दहा अब्ज वर्षांच्या पुढचे म्हातारे, एम ६७ चं वय चार अब्जांच्या आसपास. शिवाय गुच्छ आहे साधारण २८०० प्रकाशवर्षांवर, तिथला आरआर लायरी दहा-साडेदहा प्रतीचा दिसला असता, तुमचा त्याहून तीन प्रतींनी मंद. आता तो गुच्छातलाच आहे की मागचा कोणी उगाच त्या रांगेत दिसतोय हे आधी गाया उपग्रहाच्या डीआर३ या ताऱ्यांच्या यादीत बघा, एम ६७ चे तारे वर्षाला साधारण ११ मिलीआर्कसेकंद (एक म्हणजे अंशाचा छत्तीस लाखावा भाग) पश्चिमेला आणि ३ दक्षिणेला सरकतात. डेल्टा स्कुटी म्हणाल तर तेवढे तापलेले तारे या गुच्छात ब्लू स्ट्रॅगलरच (गुच्छाच्या वयाच्या मानाने जास्त निळे, तापलेले तारे) उरलेत, बाकीचे कधीच राक्षसी होऊन गेले. रंग सूर्यापेक्षा जरासाच निळसर असेल तर मित्र पण चुकला.

नेरूळची_रात्रपाळी:
दादा, आकडा दुप्पट करा!! ८ तास ३९ मिनिटांवर फोल्ड करून (म्हणजे सगळी मापं एकाच फेरीवर एकमेकांवर रचून) बघा. लॉम्ब-स्कार्गल (पिरियोडोग्राममागचं गणित) साइन वेव्ह बसवतो, त्याला एका फेरीत एकच खड्डा दिसतो, पण एकमेकांना चिकटलेले दोन तारे असले की एका फेरीत दोन पिधानं होतात (एक तारा दुसऱ्याला झाकतो) आणि दोन्ही खड्डे जवळपास सारखे, म्हणून तो हमखास अर्धा काळ सांगतो. मी यात आख्खा एक सीझन घालवलाय. बाजूची शिखरं दिवसा डेटा नसल्याने येतात, २४ तासांत एक फेरी जास्त किंवा एक कमी धरली तरी गणित साधारण बसतंच, म्हणून.
आणि दुसऱ्याचं म्हणाल तर तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात हो, जो घड्याळ बघून अकरालाच मंद होतो तो तारा नाही, तुमच्या सोसायटीतलं काहीतरी आहे :) चेक स्टारचा (तेज न बदलणाऱ्या शेजारच्या ताऱ्याचा) ग्राफ टाका.

गच्चीकर_खारघर:
फोल्ड केलं, सॉल्लिड! दोन खड्डे आले, त्यातला एक तळाला चक्क सपाट, म्हणजे लहान तारा पूर्ण झाकला जातोय ना? रंग पण येऊरवाले म्हणाले तसाच, आणि गायात गुच्छातलाच निघाला. मग व्हीएसएक्समध्ये (रूपविकारी ताऱ्यांची ऑनलाइन यादी) त्याची आकाशातली जागा टाकली तर साहेब आधीच हजर, एएच कॅन्क्री, डब्ल्यू अर्सा मेजॉरिस प्रकार (म्हणजे चिकटलेली जोडीच), ०.३६०४ दिवस, म्हणजे तेच ८ तास ३९ मिनिटं. नवीन नाही म्हणून पाच मिनिटं हिरमुसलो, पण आकडा जुळला हे भारी वाटलं.
दुसऱ्याचा उलगडा पण झाला. वॉचमनकाका अकराला पाण्याच्या टाकीवरचा हॅलोजन लावतात, फ्रेमचा तेवढाच कोपरा उजळतो आणि बॅकग्राउंड वजा करताना घोळ होतो. काकांशी बोललोय, म्हणाले सेक्रेटरींना विचारा.