तीन पुस्तकं चालू, पाच रांगेत: दिवाळी अंकांआधी क्रम कसा लावू?

मंजिरी_वाचते
सध्या लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा दुसरा भाग, जी. ए. कुलकर्णींच्या 'काजळमाया'तल्या कथा आणि दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' (चैत्रापासून सुरू करून ज्येष्ठापर्यंत) चालू आहे. रांगेत 'लीळाचरित्र', गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' (१८५७च्या धामधुमीतलं प्रवासवर्णन), 'रणांगण', नारळीकरांची 'यक्षांची देणगी' आणि कोलटकरांच्या कवितांची 'भिजकी वही'. रोज रात्री पाऊण तास मिळतो, रविवारी दोन-अडीच तास. श्रावण लागलाय, म्हणजे दिवाळीपर्यंत साधारण तीन महिने. काय कशासोबत वाचावं? 'लीळाचरित्रा'त तर दहा पानांतच गाडं अडतं.

जुनी_पोथी
'लीळाचरित्र' अडतं ते बहुतेक नावांमुळे. एकच माणूस वेगवेगळ्या नावांनी येतो. 'गोसावी' म्हणजे बहुतेक ठिकाणी चक्रधर (महानुभाव पंथाचे संस्थापक, त्यांच्याच आठवणींचं हे पुस्तक), 'श्रीप्रभु' म्हणजे त्यांचे गुरू, ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू, 'भटोबास' म्हणजे त्यांचे शिष्य नागदेवाचार्य. पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं अशी यादी करत जा. दुसरी यादी शब्दांची: आरोगणा म्हणजे जेवण, पहुड म्हणजे झोप, बिढार म्हणजे मुक्कामाची जागा, विहरण म्हणजे फिरायला जाणं. असे पंचवीसेक शब्द बसले की निम्मं काम झालं, कारण तेच पुन्हा पुन्हा येतात.

सुरुवात एकांकापासूनच, म्हणजे पहिल्या भागापासूनच करा. त्यात चक्रधर एकटे हिंडताहेत, भक्तपरिवार जमलेला नाही, त्यामुळे माणसं कमी. पूर्वार्ध आणि उत्तरार्धात गर्दी वाढते. एकेक लीळा, म्हणजे आठवणीतला एक प्रसंग, छोटी असते, काही तर चार-सहा ओळींच्या. रोज पाच-सहा पुरे, आणि मोठ्यानं वाचा. म्हाइंभटानं हे शिष्यांच्या तोंडून गोळा केलेलं गद्य आहे. डोळ्यांना अवघड वाटणारं वाक्य कानाला पटकन कळतं. टीपा नसलेली प्रत घेऊ नका. शं. गो. तुळपुळ्यांनी संपादित केलेली मिळाली तर उत्तम. हे पुस्तक सलग 'संपवायचं' ठरवलंत तर पुन्हा अडेल. दिवाळीपर्यंत एकांक पूर्ण झाला तरी खूप झालं.

निशिगंध
'माझा प्रवास' घेताना संपादकाचं नाव बघाच. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली छापलेल्या आवृत्तीत भाषा आणि मजकूर दोन्हींवर हात फिरवलेला आहे. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढलेली आवृत्ती १९६६ची. आज बाजारात दोन्ही वळणांच्या प्रती असतात आणि मुखपृष्ठावरून काही कळत नाही. प्रस्तावना चाळावी लागते. माझं मत, पोतदारांचीच घ्या. भटजींची स्वतःची बोली तिथं आहे.

शेजारी उत्तर हिंदुस्थानचा नकाशा ठेवा: ग्वाल्हेर, झांशी, काल्पी, चित्रकूट. नाहीतर झांशी सुटल्यानंतरची धावपळ डोळ्यांसमोर येत नाही. आणि हे त्यांनी १८५७-५८ नंतर बऱ्याच वर्षांनी आठवणीतून लिहिलंय, तेव्हा तारखांवर फार विसंबू नका. झांशीच्या वेढ्याचा भाग मात्र रविवारी एका बैठकीत वाचा, तुकडे केले तर त्यातली भीती निघून जाते.

'स्मृतिचित्रे' संक्षिप्त रूपातही मिळतं. तुमची प्रत चार भागांची आहे ना, एवढं तपासा.

चौथं_कपाट
जोड्यांबद्दल. 'लीळाचरित्र' आणि गोडसे भटजी एकाच आठवड्यात नकोत. दोन जुन्या भाषा एकमेकींत मिसळतात आणि दोन्हींची लय हातची जाते. आधी 'स्मृतिचित्रे' पूर्ण करा. मग रोज रात्री पंधरा मिनिटं लीळा, उरलेला अर्धा तास नारळीकरांच्या विज्ञानकथा. त्या सरळ, वेगवान आहेत. डोकं मोकळं होतं. गोडसे भटजी त्यानंतर, तेवढे दिवस लीळा बंद.

जी.एं.ची दिवसाला एकच कथा, आणि त्यानंतर त्या रात्री दुसरं काही नको. 'विदूषक' लांब आहे, ती रविवारसाठी ठेवा. 'रणांगण' छोटं आहे, दोन रविवारांत होतं. युरोपातून निघालेल्या बोटीवरची ती गोष्ट आठवडाभर ताणली तर पातळ होते. त्याच्या आगेमागे 'काजळमाया' ठेवू नका, दोन्ही फार जड.

'ऋतुचक्र'ला घाई कशाला? महिन्याला एक लेख अशीच त्याची बांधणी आहे. आषाढ मागाहून वाचा, आज थेट श्रावण उघडा आणि नंतर दर महिन्याला एक.

मंजिरी_वाचते
प्रत चार भागांचीच आहे, आत्ताच पाहिली. 'भिजकी वही' या क्रमात कुठं बसवू?

चौथं_कपाट
क्रमात नकोच, रोजच्या वाचनाबाहेर ठेवा. आठवड्याला एक स्त्री. हिपेशिया, कण्णगी, अपाला अशा वेगवेगळ्या काळांतल्या बायका त्यात येतात. ती कोण होती हे आधी दहा मिनिटं वाचा, मग कविता. उलट केलंत तर संदर्भ शोधण्यातच कविता निसटते. ती वही दिवाळीनंतरही चालू राहील, राहू द्या.