कृष्णाकाठची क्षारपड: रानं कुणी घालवली?

मळीकाठ: कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांबद्दल बोलतोय. इथली रानं क्षार वर येऊन नापीक झालीत, म्हणजे क्षारपड. माझं स्पष्ट मत आहे, ही रानं आपणच घालवली. आज्याच्या काळात शाळू, हरभरा, तंबाखू निघायचा. मग नदीचं पाणी उचलणाऱ्या उपसा संस्थांच्या पाइपलाइनी आल्या, ऊस आला, कौलारू घरांवर स्लॅब पडले. आणि आपण काळ्या रानाला सरी तुंबेपर्यंत पाणी पाजत बसलो. पिकाची फेरपालट नाही, तोडलेल्या उसाचाच फुटवा वाढवायचा, खोडव्यावर खोडवा. पाण्याची पातळी वर आली, तसे क्षारही वर आले. आता उन्हाळ्यात रान पांढरंफटक. टाच दिली की खपली मोडते आणि खाली ओल. वेडी बाभळ तेवढी जोरात!

नांगरट: ‘आपणच’ म्हणजे कोण हो? वीज रात्रीची, पाळी चुकली तर पुढची कधी याचा भरवसा नाही. माणूस सरी भरूनच घेणार. त्यात पाणीपट्टी एकरावर. कमी पाणी घेतलं म्हणून कुणी रुपया सोडतं का? उसाला निदान एफआरपी आहे, सरकारनं ठरवलेला किमान दर. हरभरा करून बघा, मग शिकवा.

मळीकाठ: ठिबकला अनुदान होतं की. घेतलं किती जणांनी? एकरी शंभर टन उसाच्या पैजा तर पारावर आपणच लावत होतो.

बांधकरी: ठिबक चांगलंच, पण बिघडलेलं रान त्यानं सुधारत नाही. आधी निचरा पाहिजे. आपल्याकडं ओढे बुजवून ऊस लावलाय, पाणी जाणार कुठं? शिरोळच्या दत्त कारखान्यानं पुढाकार घेऊन निचऱ्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकायचं काम केलंय, तिथं पडीक रानात परत ऊस उभा आहे. अडचण एकच, हे एकट्याचं काम नाही. मुख्य पाइप शेजाऱ्याच्या रानातून ओढ्यापर्यंत न्यावी लागते.

नांगरट: आणि परत ऊसच! मग सुधारलं काय? शिवाय कर्ज काढून पाइप घालायची आणि 2019, 2021 सारखा पूर आला की त्या पाइपांचे चेंबर गाळानं भरायचे. पोरं उगाच इचलकरंजीला कामाला जात नाहीत.

बांधकरी: चेंबर उपसता येतात. आमच्या गटाचं काम पुरानं नाही, वरच्या अंगाच्या दोघा शेतकऱ्यांच्या संमतीवाचून अडलंय. त्यांची रानं अजून चांगली आहेत. त्यांचंच पाणी आमच्यात पाझरतं.

मळीकाठ: हेच म्हणतोय मी मघापासून.

नांगरट: वरचे दोघं म्हणजे सगळा गाव नव्हे, मळीकाठ. त्यांना नोटीस कोण काढणार ते सांगा.