दप्तरं वाटण्याबद्दल
वर्गणी काढून जूनमध्ये वस्तीतल्या मुलांना दप्तरं-वह्या वाटू, ही इथे कुणीतरी केलेली सूचना चांगली आहे. पण मुंबईत पालिकेच्या शाळा वह्या, गणवेश, बूट धरून २७ वस्तू फुकट देतात (वेळेवर मिळाल्या तर!). खरी अडचण बांधकाम मजुरांच्या पोरांची. इमारत उभी राहिली की बिऱ्हाड हलतं आणि शाळा सुटते. १९८८ साली रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी सुरू केलेली डोअर स्टेप स्कूल ही संस्था अशा मुलांपाशी बसमधूनच वर्ग नेते. शिक्षण हक्क कायद्याने जन्मदाखला किंवा टीसी (आधीची शाळा सोडल्याचा दाखला) नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. तरी अंगठा लावणाऱ्या आईला ऑफिसात 'उद्या या' ऐकावं लागतंच. तेव्हा वर्गणीसोबत तिच्याबरोबर शाळेत जाणारी माणसंही जमवा. वस्ती ठाण्याकडे असेल तर शनिवारी मी येईन.