शब्दचर्चा : कबर, मकबरा, छत्री, वीरगळ – पेन्सिलचित्राखाली काय लिहावे?

प्रश्न : विजापूरचा गोल घुमट, खुलदाबादची औरंगजेबाची कबर, पुण्यातल्या वानवडीची शिंदे छत्री आणि मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ यांची पेन्सिलचित्रे एकत्र मांडायची आहेत. सगळ्यांखाली ‘समाधी’ चालेल का? आणि ‘रेखाटन’ की ‘रेखाचित्र’?

प्रतिसाद १ : सरसकट ‘समाधी’ नको. जिथे पुरले ती कबर, तिच्यावरची वास्तू म्हणजे मकबरा. गोल घुमट हा महंमद आदिलशहाचा मकबरा. आतल्या चौथऱ्यावर दिसतात त्या खऱ्या कबरी नव्हेत, त्या खाली तळघरात आहेत. चौथरा काढला असेल तर ‘प्रतिकबरी’ लिहा. खुलदाबादला मात्र मकबरा नाहीच. कबर उघडी, मातीची. भोवतीची संगमरवरी जाळी नंतरची.

प्रतिसाद २ : वानवडीला महादजी शिंद्यांचे 1794 मध्ये दहन झाले, त्या जागेवरची ही स्मारकवास्तू, म्हणजे छत्री. समाधी म्हटले तरी चूक नाही, पण रूढ नाव छत्रीच आहे, तेच ठेवा. वीरगळ ही लढाईत पडलेल्या वीराची स्मारकशिळा; तिच्याखाली कोणी पुरलेले असते असे नाही.

प्रतिसाद ३ : जागेवर झटपट काढले ते रेखाटन, रेषेवर पूर्ण केले ते रेखाचित्र. शेडिंग असेल तर सरळ ‘पेन्सिलचित्र’ म्हणा. शेडिंगला ‘छायांकन’ लिहू नका, वाचकाला कॅमेरा आठवतो. ‘छटाकाम’ बरे, नाहीतर ‘शेडिंग’च.

वीरगळ दुपारी काढायला बसू नये. ऊन डोक्यावर असले की झिजलेले कोरीवकाम सपाट दिसते. सकाळी बाजूने ऊन आले की एकसरच्या शिळांवरची जहाजे उठून दिसतात. बाह्यरेषा एचबी पेन्सिलने, हलक्या हाताने (‘बी’आधीचा आकडा जितका मोठा, तितकी पेन्सिल मऊ आणि गडद). खोलगट भाग 2बी, आणि 4बी फक्त आकृतीच्या कडेखालच्या सावलीला. सगळीकडे 6बी फिरवली की दगड काळा होतो, उठाव मरतो. फुटलेला भाग अंदाजाने पुरा करू नका. तुटक रेषेने हद्द दाखवा आणि आत कागद कोरा ठेवा.

प्रतिसाद २ : गोल घुमटाच्या बुडाशी कमळपाकळ्यांची रांग आहे, तिथे हमखास चुकते. पाकळ्या सारख्या रुंदीच्या काढल्या की घुमट थाळीसारखा चपटा दिसतो. आधी मधली उभी रेषा, मग बुडाचा लंबगोल, नंतर पाकळ्या: मध्ये रुंद, कडांकडे अरुंद होत गेलेल्या. घुमटाचे शेडिंग त्यानंतरच.

प्रतिसाद १ : चित्राखालच्या ओळीत क्रम असा ठेवा : वस्तू, व्यक्ती, गाव, कोणत्या बाजूने काढले. ‘मकबरा, महंमद आदिलशहा, विजापूर, दक्षिणेकडून’. दिशा गाळली तर दुसऱ्याला ते चित्र जागेवर पडताळून पाहता येत नाही.